दोन तोंडांचे पॅनल आणि उत्तर-दक्षिण रेघ : वडनेरच्या शिवारातून एक इतिहास

१/
जानेवारी १८२३. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला एक वृद्ध मोजणी अधिकारी वाटेत हिंगणघाट येथे मरण पावला. त्याचे नाव विल्यम लॅम्बटन. वीस वर्षांहून अधिक काळ तो दक्षिणेतून उत्तरेकडे जाणारी एक रेघ मोजत हिंदुस्थानभर फिरला होता. त्याची कबर आजही हिंगणघाटात आहे. या धाग्याचा विषय मात्र सोलर पॅनल आहे, आणि तेही दोन्ही बाजूंनी वीज निर्माण करणारे.

२/
दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे दिशा. लॅम्बटनला उत्तर-दक्षिण रेघ अचूक हवी होती. दोन तोंडांचे, म्हणजे बायफेशियल पॅनल शेतात उभे करणाऱ्यालाही आधी तीच रेघ ठरवावी लागते. हिंगणघाटच्या दक्षिणेस, नागपूर-हैदराबाद महामार्गावर वडनेर हे गाव आहे. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. या शिवारात असे पॅनल लावायचे झाले, तर त्याची तोंडे कोणीकडे असावीत? सावलीचे काय करावे? आणि मागच्या तोंडाकडून खरोखर किती वीज मिळेल?

३/
हे प्रश्न केवळ कुतूहलाचे नाहीत. विदर्भातील शेतकऱ्याला शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे रात्रीअपरात्री मिळत आली. ओलितासाठी अंधारात जावे लागे. साप-विंचवांचे आणि रानडुकरांचे भय असे. दिवसा वीज मिळावी या हेतूने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आली. पॅनल आता शेताच्या धुऱ्यापर्यंत पोहोचले आहे. ते कसे उभे राहते, यावर कोणत्या तासाला किती पाणी मिळेल आणि कसदार जमिनीचा किती तुकडा अडेल, हे दोन्ही ठरते.

४/
आधी दिशेविषयी. आपल्याकडील एक प्राचीन रीत कात्यायन शुल्बसूत्रात सांगितली आहे. सपाट जागी शंकू, म्हणजे सरळ काठी रोवावी. तिच्याभोवती दोरीने वर्तुळ आखावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे शिवते तेथे एक खूण करावी. दुपारनंतर ते पुन्हा जेथे शिवते तेथे दुसरी. या दोन खुणांना जोडणारी रेघ ती पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात असणारी ती उत्तर-दक्षिण. यज्ञवेदीची आखणी याच रेघांवरून होत असे.

५/
लॅम्बटनची साधने अर्थातच निराळी होती. १० एप्रिल १८०२ रोजी त्याने मद्रासजवळ पायारेषेची मोजणी सुरू केली. त्याचे थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचे होते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर एक नसते, म्हणून दिशेसाठी तो होकायंत्रावर न विसंबता ताऱ्यांचे वेध घेई. साधारण ७८ अंश पूर्व रेखांशाला धरून ही मोजणी उत्तरेकडे सरकत गेली. त्याच्या मृत्यूनंतर जॉर्ज एव्हरेस्टने ती हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. पॅनलला इतकी अचूकता लागत नाही. पाच-सात अंशांची चूक झाली तरी उत्पन्नात फारसा फरक पडत नाही. तोंड मुळात कोणत्या दिशेला ठेवायचे हा निर्णय मात्र फार मोठा आहे.

६/
त्यासाठी वडनेरचा सूर्य पाहू. गावाचा अक्षांश साधारण २०.४ अंश उत्तर. २१ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्ही सूर्य दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो. मेच्या २२-२३ तारखेच्या सुमारास तो थेट डोक्यावर येतो. त्यानंतर जवळजवळ दोन महिने मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, आणि जुलैच्या २०-२१ च्या सुमारास पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे वळतो. हे दोन दिवस म्हणजे आपल्या परिचयाचे शून्य सावली दिवस. घड्याळात ती वेळ बारा नसून सव्वाबाराच्या आसपास असते, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे आहे आणि वडनेर त्याच्या पश्चिमेस आहे.

७/
एका तोंडाच्या पॅनलसाठी उत्तर सोपे आहे. वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेस असतो, म्हणून तोंड दक्षिणेकडे आणि कल अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २० अंश. आपल्या गावांतील बहुतेक पॅनल असेच बसवलेले दिसतात. पण प्रकाश केवळ सूर्याकडूनच येत नाही. आकाशातून पसरलेला येतो, आणि जमिनीवरून उलटून आलेलाही येतो. या उलटून येणाऱ्या प्रकाशाला कामाला लावण्याचा एक धाडसी प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवर झाला होता, तोही पॅनलचा जन्म होण्यापूर्वी.

८/
१८७० च्या दशकात मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स नावाचा सरकारी अधिकारी होता. इंधन महाग आणि ऊन फुकट, हा विचार त्याला स्वस्थ बसू देईना. कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात त्याने लहान सपाट आरशांची भलीमोठी चौकट उभारली आणि सगळ्या आरशांचे ऊन एका बाष्पकावर पाडले. त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालले आणि त्याने पाणी उपसले. १८७८ मध्ये त्याने या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. उष्ण कटिबंधात सूर्याची उष्णता इंधनाची जागा घेऊ शकते, हे त्याचे प्रतिपादन होते.

९/
अ‍ॅडम्सची अडचण लक्षात घेण्याजोगी आहे. सूर्य सरकतो, आणि आरसे त्याच्यामागे सरकले नाहीत तर ऊन बाष्पकावरून ढळते. म्हणून चौकट चाकांवर बसवलेली होती आणि एक माणूस ती दिवसभर फिरवत राही. ‘तोंड कोणीकडे?’ या प्रश्नाचे अ‍ॅडम्सचे उत्तर होते: जिकडे सूर्य, तिकडे. आजच्या मोठ्या सौर प्रकल्पांत हेच काम मोटर करते. तेथे पॅनलच्या ओळींचा आस उत्तर-दक्षिण ठेवतात आणि पॅनल सकाळी पूर्वेकडून संध्याकाळी पश्चिमेकडे हळूहळू कलतात.

१०/
२५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट जगापुढे मांडला. कार्यक्षमता होती सुमारे ६ टक्के. या घटाला एकच कामाचे तोंड होते. मागच्या बाजूलाही प्रकाश घेऊ दिला तर? हा विचार लवकरच आला. जपानमधील हायाकावा इलेक्ट्रिक, म्हणजे आजची शार्प कंपनी, येथील एच. मोरी यांनी १९६० मध्ये अशा घटासाठी पेटंटचा अर्ज केला. कल्पना कागदावर आली, पण घट तेव्हा इतके महाग होते की जमिनीवर त्यांना गिऱ्हाईक नव्हते.

११/
पहिले मोठे गिऱ्हाईक अवकाशात मिळाले. १९७४ मध्ये सोव्हिएत संघाने सोडलेल्या सॅल्युत-३ या अवकाश स्थानकावर दोन्ही बाजूंनी काम करणारे पॅनल होते. कारण उघड होते. पृथ्वी स्वतःवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे ३० टक्के परत फेकते. ढग आणि बर्फ यांनी उजळलेला हा प्रचंड पडदा स्थानकाच्या खालीच पसरलेला होता. पॅनलच्या मागच्या तोंडाला तो आयताच लाभला.

१२/
हाच विचार जमिनीवर आणला स्पेनच्या अंतोनियो लुके यांनी. माद्रिदच्या त्यांच्या गटाने १९८२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. भोवतालचे पृष्ठभाग पांढरे ठेवले असता दोन तोंडांच्या पॅनलमधून ५० टक्के अधिक शक्ती मिळते, असे त्यात दाखवले होते. त्याआधी, १९८१ मध्येच, असे पॅनल बनवण्यासाठी मालागा येथे आयसोफोटॉन ही कंपनी उभी राहिली होती. त्यांचा एक प्रकल्प सेनेगलच्या एका खेड्यात बसवण्यात आला; क्षमता २० किलोवॅट. म्हणजे हे तंत्रज्ञान खेड्यात पोहोचण्याची ही पहिली वेळ नव्हे.

१३/
मग मधली तीसेक वर्षे ते गेले कुठे? उत्तर कारखान्यात आहे. त्या काळच्या बहुसंख्य स्वस्त घटांची पाठ सलग अॅल्युमिनियमच्या थराने झाकलेली असे. त्यातून प्रकाश आत शिरणे शक्यच नव्हते. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने ‘पर्क’ ही घटरचना विकसित केली. ती कारखान्यांत सर्वत्र रुळायला २०१० चे दशक उजाडले. या रचनेत पाठीवर सलग थराऐवजी धातूच्या बारीक रेघा पुरतात. पाठ उघडी झाली, मागे काच बसली, आणि दुसरे तोंड जवळजवळ त्याच खर्चात मिळू लागले.

१४/
दरम्यान दिशेच्या प्रश्नाला एक नवे उत्तर सापडले होते. १९९७ मध्ये झुरिचजवळ एका महामार्गालगत, वाहनांचा आवाज अडवणाऱ्या भिंतीत, दोन तोंडांचे पॅनल सरळ उभे बसवण्यात आले. रस्ता तेथे उत्तर-दक्षिण जातो. त्यामुळे पॅनलचे एक तोंड पूर्वेला आणि दुसरे पश्चिमेला झाले. सकाळी एक बाजू राबते, संध्याकाळी दुसरी. एका तोंडाच्या पॅनलच्या दृष्टीने ही मांडणी वेडगळ ठरली असती, कारण त्याला अर्धा दिवस रिकामे बसावे लागले असते.

१५/
आता पुन्हा वडनेर. विक्रेता सांगतो, ‘मागच्या बाजूने २५-३० टक्के जादा वीज.’ हे आकडे खोटे नसतात, पण ते कोणत्या जमिनीवरचे, हे विचारावे लागते. जमिनीवर पडलेल्या प्रकाशापैकी जो हिस्सा परत फिरतो त्याला अल्बेडो म्हणतात. ताज्या बर्फाचा अल्बेडो ०.८ च्या वर जातो. पांढऱ्या रंगवलेल्या पृष्ठभागाचा ०.६ ते ०.८. गवताचा ०.२ ते ०.२५. आणि आपल्या काळ्या जमिनीचा साधारण ०.१, पावसाने भिजली की त्याहूनही कमी.

१६/
ढोबळ हिशेब करू. भर दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर १००० वॅट ऊन पडते असे धरा. काळ्या जमिनीवरून १०० वॅट परत फिरतील. पॅनलच्या स्वतःच्या सावलीमुळे त्यातले समजा निम्मेच त्याच्या पाठीला मिळाले : ५० वॅट. पाठीची कार्यक्षमता पुढच्या तोंडाच्या तीन चतुर्थांश धरली, तर हाती येतात ३७-३८ वॅटांइतक्या उन्हाचे काम. म्हणजे चार टक्क्यांहून कमी वाढ. जमीन ०.६ अल्बेडोची असती तर याच हिशेबाने वाढ २२ टक्क्यांवर गेली असती. पॅनल तेच, सूर्य तोच. फरक केवळ मातीच्या रंगाचा.

१७/
ज्या काळ्या मातीमुळे हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला गेला, तीच माती दुसऱ्या तोंडाच्या बाबतीत मात्र हात आखडता घेते. मग जमीन चुन्याने पांढरी करावी काय? शेतात ते करू नये. काळी जमीन आधीच चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असते. वर चुना टाकणे पिकाला अपायकारक ठरेल. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यामुळे वरचा पांढरा थर टिकायचाही नाही.

१८/
तरीही मार्ग आहेत. घराच्या स्लॅबवर पॅनल असेल तर स्लॅबला पांढरा रंग द्यावा. पाठीला प्रकाश मिळतो आणि घरही थंड राहते. मिरची-भाजीपाल्याच्या वाफ्यांवर शेतकरी जो चंदेरी मल्चिंग पेपर अंथरतात, तोही प्रकाश परत फेकतो. आणि एक गंमत पिकाची आहे. हिरवे पान लाल-निळा प्रकाश पिते, पण डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. सिलिकॉनला तो प्रकाश चालतो. म्हणजे भरात आलेले सोयाबीन हे उघड्या, ओल्या काळ्या मातीपेक्षा पॅनलचे अधिक चांगले शेजारी आहे.

१९/
आता सावली. पॅनलमधील घट एकापुढे एक, साखळीसारखे जोडलेले असतात. साखळीतून वाहणारा प्रवाह सर्वांत दुबळ्या घटाइतकाच. नळीला एके ठिकाणी चिमटा काढला की सगळे पाणी अडते, तसेच हे. म्हणून पॅनलमध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात. एक भाग सावलीत गेला तर प्रवाहाला वळणवाट मिळते. तरीही त्या भागाची वीज जातेच. धुऱ्यावरचे बाभळीचे झाड, विजेचा खांब, समोर वाढलेली तूर, यांची अरुंद सावलीसुद्धा आकाराच्या मानाने कितीतरी मोठे नुकसान करते.

२०/
दोन तोंडांच्या पॅनलला सावलीचा धोका दुहेरी. पाठीमागून जाणारा लोखंडी आडवा पाइप, जोडणीची पेटी, लोंबणारी वायर, हे सारे पाठीवर सावली पाडतात. म्हणूनच अशा पॅनलमध्ये जोडणीच्या पेट्या लहान करून कडेला नेल्या गेल्या. दुसरी सावली पॅनलची स्वतःची. ते जमिनीला टेकून असेल तर खालची जमीन अंधारी राहते, आणि अंधारी जमीन परत काय देणार? मीटरभर उंच उचलले की बाजूंनी ऊन आत शिरते. मेअखेरच्या मध्यान्ही वडनेरला सावली नेमकी पायाशी पडते, तेव्हा या उंचीचे मोल सर्वाधिक.

२१/
ओळींमधील अंतर हिवाळ्याच्या हिशेबाने ठरवावे लागते. २१ डिसेंबरला वडनेरला मध्यान्हीची सावली वस्तूच्या उंचीइतकीच असते. पण मध्यान्हाच्या तीन तास आधी सूर्य केवळ २८ अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या सुमारे १.९ पट होते. दोन मीटर उंचीच्या वस्तूची सावली जवळजवळ चार मीटर. ओळी दाटीने लावल्या तर पुढची ओळ मागचीला सकाळ-संध्याकाळ झाकते.

२२/
मग तोंड कोणीकडे? २०१८ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी याचा जागतिक हिशेब मांडला. जमिनीचा अल्बेडो ०.२५ असेल, तर जमिनीलगतच्या दोन तोंडांच्या पॅनलचा जादा लाभ जगात कुठेही १० टक्क्यांच्या पुढे जात नाही. अल्बेडो ०.५ केला आणि पॅनल एक मीटर उचलले, तर तो ३० टक्क्यांपर्यंत जातो. आणि ०.५ अल्बेडोच्या जमिनीवर, ३० अक्षांशांच्या खाली, पूर्व-पश्चिम तोंडाचे उभे पॅनल कललेल्या दक्षिणाभिमुख पॅनलला १५ टक्क्यांपर्यंत मागे टाकते. हे सर्व जमिनीलगतच्या पॅनलसाठी.

२३/
वडनेर ३० अक्षांशांच्या बरेच खाली आहे. पण आपली अट दुसरीकडे अडते : जमीन ०.५ ची नाही, ०.१ ची आहे. म्हणून वर्षभराच्या एकूण युनिटांचाच विचार केला, तर येथे दक्षिणेकडे तोंड, २० अंशांचा कल आणि पुरेशी उंची हेच उत्तर शहाणपणाचे. उभ्या पॅनलला भर दुपारी ऊन कडेवर झेलावे लागते. दिवसातील सर्वांत समृद्ध तास त्याच्या हातून निसटतात.

२४/
तथापि एकूण युनिट हेच एकमेव माप नाही. उभ्या पॅनलची वीज सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा शिखर गाठते. काळ्या खडकातील ज्या विहिरीला झरे मंद आहेत, ती भर दुपारच्या जोरदार उपशाने लवकर तळ दाखवते. सकाळी उपसा, दुपारी विहिरीला विसावा, पुन्हा उपसा, हा क्रम अशा विहिरीला मानवू शकतो. शिवाय उभ्या काचेवर धूळ कमी बसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जमीन मोकळी राहते. जर्मनीत दोनौएशिंगेन येथे २०२० मध्ये सुमारे ४ मेगावॅटचा असा प्रकल्प उभा राहिला. ओळींमध्ये सुमारे दहा मीटर अंतर आणि मधल्या पट्ट्यांत गवताची कापणी यंत्राने चालूच.

२५/
वर्ध्याला हा विचार परका नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीतून चाले. त्याचे धुरीण जे. सी. कुमारप्पा यांनी खनिज साठ्यांवर जगणारी अर्थव्यवस्था आणि निसर्गाच्या अखंड वाहत्या देण्यावर जगणारी अर्थव्यवस्था यांत भेद केला होता. कोळसा, तेल पहिल्या प्रकारात. ऊन निःसंशय दुसऱ्या. पण कसदार माती झाकून ऊन गोळा करायचे, तर एक वाहते देणे मिळवताना दुसरे अडवल्यासारखे होते. म्हणून ओळींमधील ते दहा मीटर महत्त्वाचे.

२६/
सारांश. मोरींचे पेटंट, सॅल्युतची भरारी, लुके यांचे पांढरे पृष्ठभाग, झुरिचची भिंत : या प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या तोंडाचे यश पॅनलइतकेच त्याच्या शेजारावर अवलंबून होते. अवकाशात तो शेजार पृथ्वीचा होता, स्पेनमध्ये पांढऱ्या रंगाचा, वडनेरला काळ्या मातीचा. माद्रिदचा आकडा वडनेरला जसाच्या तसा लागू होत नाही. तेव्हा माहितीपत्रकातील टक्केवारी वाचण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. खालची जमीन कोणत्या रंगाची? सावली कोणाची, आणि कोणत्या महिन्यात? वीज दिवसाच्या कोणत्या तासाला हवी?

२७/
मित्रहो, यातील बरेचसे आपण स्वतः पडताळू शकता. येत्या २२-२३ मेच्या सुमारास, सव्वाबाराच्या आधी, अंगणात एक काठी सरळ रोवा आणि तिची सावली नाहीशी होताना पाहा. डिसेंबरात तीच काठी, त्याच वेळी. सावली काठीएवढी भरेल. शुल्बसूत्राच्या रीतीने वर्तुळ आखून उत्तर-दक्षिण रेघही काढा. आपल्या गावी पॅनल असतील तर ती रेघ त्यांच्याशी जुळते का, आणि कोणत्या झाडाची सावली त्यांच्यावर केव्हा पडते, ते नोंदवून खाली जरूर लिहा. हिंगणघाटला गेलात, तर लॅम्बटनच्या कबरीलाही भेट द्या.